पहिल्या घाण्याचा पेढा

"आहे तशीच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी समोरचा पडदा आमच्याकडे वळवला.

पडद्यावर माझ्या मुलाची अन्ननलिका होती. निरोगी नलिका आतून गुलाबी आणि गुळगुळीत असते म्हणे. ही पांढुरकी दिसत होती, तिला वळ्या पडल्या होत्या आणि मधूनमधून साबुदाण्याचा चुरा सांडावा तसे ठिपके होते. सात वर्षांच्या लेकराच्या गळ्यात डोकावून बघायची वेळ कुठल्या आईवर येऊ नये. समर पलीकडच्या खोलीत भुलीच्या गुंगीत पडला होता आणि मी इकडे त्या चित्राशीच भांडायला उठले होते.

"असं कसं असेल? दूध नाही, गहू नाही, अंडं नाही, सोयाबीन नाही, शेंगदाणे नाहीत, मासे तर आमच्याकडे शिजतच नाहीत. दोन महिने पोराला ज्वारीच्या भाकरीवर आणि आमटीवर ठेवलंय मी."

"कुठून तरी काहीतरी सुटत असेल. शाळेत, शेजारी..."

"शाळेत मधल्या सुट्टीत मी स्वतः डबा घेऊन जाते. समोर बसून खायला लावते. शेजारी त्याला पाठवतच नाही."

माझ्या नवऱ्याने, उदयने, टेबलाखालून माझा हात दाबला. माझी जीभ तिखट आहे हे त्याला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. डॉक्टरीणबाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी पुन्हा एकदा सगळं समजावून सांगितलं. ही ॲलर्जी अंगावर पित्त उठावं तशी नसते. नको ते खाल्लं आणि तासाभरात कळलं, असं होत नाही. आतल्या आत सूज धरत जाते, नलिका अरुंद होत जाते. आणि रोज अगदी थोडंसं पोटात जात असलं, तरी तेवढं पुरतं.

"जात नाही," मी म्हणाले.

"मग या सहा गोष्टींपलीकडचं काहीतरी त्याला बाधतंय असं धरावं लागेल," त्या म्हणाल्या. "औषध देऊन बघितलं, थांबवलं की सूज परत येते. वजन वर्षभर जागचं हललेलं नाही. आता अन्न म्हणून काहीच द्यायचं नाही. डब्यातली एक पावडर मिळते, ती पाण्यात कालवून तेवढीच प्यायची. चव चांगली नसते, पुष्कळ मुलं पीत नाहीत. नाहीच प्यायला, तर नाकातून नळी घालून देऊ."

इतका वेळ भांडत होते, ते भांडण कुठल्या कुठे गेलं.

समरचं दुखणं कुणाच्या डोळ्यांना दिसणारं नव्हतंच. ताटावर बसला की तास तास उठायचा नाही. पोळीचा तुकडा चावून चावून त्याचा लगदा करायचा, प्रत्येक घासावर घोटभर पाणी प्यायचा. एकुलता एक म्हणून लाडावलाय, असं पाहुणेरावळे म्हणत. मग एका लग्नात पुरीचा तुकडा त्याच्या गळ्याखाली अडकला. वर येईना, खाली जाईना, थुंकीसुद्धा गिळता येईना. मिरजेला नेऊन तो काढला, आणि तिथून आम्हांला पुण्याच्या या बाईंकडे पाठवलं. तेव्हा कळलं की पोरगं लाडावलेलं नव्हतं, ते प्रत्येक घासाला लढत होतं.

त्यात आमचं घर पेढेवाल्यांचं. नदीकाठी दत्ताचं देऊळ, देवळाकडे जाणाऱ्या बोळात आमचं दुकान, दुकानामागे भट्टी आणि भट्टीच्या वरच्या मजल्यावर आम्ही. पहाटे दूध उकळायला लागलं की त्याचा वास पांघरुणात, पडद्यांत, माझ्या केसांत शिरायचा. अशा घरात पोराला दूध वर्ज्य करणं म्हणजे कोळ्याच्या पोराला पाण्यात जाऊ नको म्हणण्यातलाच प्रकार.

पण यात मला सगळ्यांत मोठा आधार होता तो सासऱ्यांचा. सगळं गाव त्यांना आबा म्हणे, मीही म्हणे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. समर म्हणजे आबांचा जीव की प्राण, आणि समर त्यांना आज्जा म्हणून हाक मारायचा. पथ्य सुरू झालं त्या दिवशी आबांनी दुकानात उभं राहून सगळ्यांना बजावलं होतं, "समरच्या हातावर कुणी काय ठिवलं, तर गाठ माझ्याशी हाय." एका यात्रेकरूने पोराला कौतुकाने बिस्कीट दिलं, तर आबांनी त्या बिचाऱ्याला असा झाडला की तो पेढे न घेताच निघून गेला. गिरणीत ज्वारी दळायला ते स्वतः जायचे. आधी कुणाचा गहू पडलेला असला, तर "मधी दुसऱ्याची जुंधळं घाल, मग आमची घाल," असं म्हणून तिथेच पोत्यावर बसून राहायचे. घरादारातल्या बाकी सगळ्यांवर माझा डोळा असायचा, पण आबांवर नव्हता. त्यांच्यावर कसला डोळा ठेवायचा?

पुण्याहून आम्ही संध्याकाळी पोचलो. आबा दुकानाच्या पायरीवर वाट बघत बसले होते. समर उतरल्या उतरल्या धावत गेला आणि त्यांच्या मांडीवर जाऊन बसला.

"काय म्हणाल्या डाक्टरीणबाई?"

उदयने सांगितलं. नळीचं मात्र मला सांगावं लागलं. आबा ऐकत होते आणि त्यांचा हात समरच्या डोक्यावरून फिरत होता. त्या हाताला जन्मभर उलथन्याचे घट्टे.

"समदंच बंद?"

"सगळंच," उदय म्हणाला.

"भाकरी बी?"

"भाकरी बी."

आबांचा हात समरच्या डोक्यावर थांबला. मग अगदी हळू आवाजात, जणू काही आपण फार मागतोय असं वाटून, त्यांनी मला विचारलं, "मग सकाळचा परसाद तेवढा चालंल न्हवं गं, वैजू?"

"कुठला प्रसाद?"

मी असं विचारावं याचंच त्यांना नवल वाटलं. "ह्यो काय, पहिल्या घाण्याचा. देवाला दावतो आन् ह्याच्या तोंडात घालतो त्यो. रोजचाच की."

आमच्या घरची ती पद्धत मला माहीत नव्हती असं नाही. रोज पहाटे पहिली कढई उतरली, की तिच्यातला पहिला पेढा गरम असतानाच वळायचा, भट्टीतल्या दत्ताच्या तसबिरीपुढे ठेवायचा आणि मग घरातल्या सगळ्यांत धाकट्याच्या तोंडात घालायचा. त्याच्याआधी कुणी चव बघायची नाही, फळीवर माल लावायचा नाही. आबांना लहानपणी त्यांच्या आज्जाने असा भरवला होता, त्यांनी उदयला भरवला, आणि समरला पहिला दात आला तेव्हापासून तो समरचा. पण पथ्य सुरू झाल्यावर दुकानाचं दारच पोराला बंद झालं होतं. पद्धतही त्याबरोबर बंद झाली, असंच मी आणि उदयने धरून ठेवलं होतं. आबांनी ती बंद केली नव्हती. समर झोपेतून उठून मोरीत तोंड धुवायला जाई तेव्हा ते जिना चढून वर येत. मला वाटे, पोराचं तोंड बघायला येतात.

"आबा, तो पेढा आहे," मी म्हणाले.

"फळीवर गेल्यावर पेढा. तवर त्यो परसाद."

"पण दुधाचाच ना?"

"देवाम्होरं ठिवल्यावर त्यात दूध ऱ्हातंय व्हय गं?"

ते वाद घालत नव्हते. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं, आणि आता माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांच्या आवाजातला तो विश्वास हलायला लागला होता. "म्या म्हटलं, एवढं पथ्य चाललंय, एवढी औषधं झाली, जोडीला देवाचं बी असावं. पथ्य लागल्यापासनं मी दोन देत हुतो त्याला. एक नेहमीचा, आन् एक त्याला बरं वाटावं म्हणून."

बोळातून आरतीला जाणारी माणसं चालली होती, ती आबांना रामराम घालत होती, आणि आबा हात वर करत नव्हते.

मग उदय बोलला. तो स्वभावाने गरीब, आबांपुढे त्याने कधी मान वर केली नव्हती. "दोन महिने, आबा," तो म्हणाला. "पोराचा घसा सोलवटलाय आतनं. आम्ही जगावर पहारा ठेवला आणि तुम्ही घरात बसून त्याला रोज इख घातलंत."

"आज्जाला बोलू नका," समर म्हणाला.

आबांनी त्याला मांडीवरून अलगद खाली उतरवलं. मग ते उठून आत भट्टीत गेले.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांना तर आनंदच झाला. म्हणाल्या, "अहो, ही फार चांगली बातमी आहे. पावडर नको, नळी नको. हेच पथ्य पुन्हा पहिल्यापासून करा, त्या पेढ्याशिवाय." मला इतकं हलकं वाटलं की मी फोन ठेवून तिथेच खाली बसले आणि रडले. पोराच्या नाकातली नळी टळली होती. आणि खाली भट्टीत एक म्हातारा माणूस कढईपुढे उभा होता, त्याच्याकडे बघायचं मला धाडस होत नव्हतं.

त्या सकाळी त्यांनी पहिला पेढा वळला, देवापुढे ठेवला, उचलला आणि सवयीने जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय टाकला. तिथेच ते थांबले. थोड्या वेळाने धोतराचा सोगा आवरून ते बोळातून घाटावर गेले आणि पेढा नदीतल्या माशांना घातला. तेव्हापासून रोज तसंच. लोक म्हणायचे, आबांना नवा नेम लागलाय.

पुढच्या तपासणीत समरची अन्ननलिका स्वच्छ निघाली. मग एकेक पदार्थ परत यायला लागला. आधी गहू, तो काही आठवडे खायचा आणि पुन्हा पुण्याला जाऊन गळ्यात दुर्बीण घालून बघायचं. गहू पास झाला त्या दिवशी समरने दोन पोळ्या खाल्ल्या, पाण्याचा घोट न घेता, आणि मी ताटासमोर बसून मूर्खासारखी हसत होते. शेंगदाणे आले, अंडं आलं. पोरगं अंगाने भरलं, उंच झालं. दूध तेवढं राहिलं. ते कसं बाधतं ते आम्ही बघितलंच होतं. "पण काही मुलांना वय वाढलं की चालायला लागतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "थोडा मोठा होऊ दे. मग एकदा देऊन बघू."

या एका वाक्यावर आबा जगत होते म्हटलं तरी चालेल. उदयने त्यांची माफी मागितली होती, एकदा नाही, चारदा. "तू खोटं काय बोलला न्हाईस," एवढंच ते म्हणायचे. घरात त्यांचं बोलणं कमी झालं होतं. जेवताना ते समरच्या गळ्याकडे बघत बसायचे, त्याने घास गिळला की मग स्वतःचा घास उचलायचे. एकदा घाटावरून आले आणि समोर कोण आहे नाही न बघता म्हणाले, "हे पोरगं पुन्यांदा पेढा खाईल, त्या दिवशी माझं पाप फिटंल." मी भाजी निवडत होते. समर माझ्या शेजारी गणितं सोडवत होता. त्याने मान वर केली नाही, म्हणून मला वाटलं त्याने ऐकलं नाही.

तो दहा वर्षांचा झाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दूध सुरू करायला सांगितलं. रोज कपभर दूध, दही, ताक, काहीही. आणि सहा आठवड्यांनी तपासणी.

"मग त्यात एक पेढा चालंल?" आबांनी मला विचारलं. या वेळी त्यांनी डॉक्टरीणबाईंनाच फोन लावायला लावला, स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि मगच फोन माझ्याकडे परत दिला.

पहिल्या दिवशी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, डोक्याला पटका बांधला. मी, उदय, समर, सगळे भट्टीत उभे. आबांनी पेढा वळला. त्यांच्या बोटांत तो दोन वळशांत तयार व्हायचा, त्या दिवशी ते वळतच राहिले. देवापुढे ठेवला, हात जोडले, आणि समरच्या तोंडात घातला. समरने डोळे मिटले. तीन वर्षांनी ती चव त्याच्या जिभेवर आली होती. "लई भारी आहे, आज्जा," तो म्हणाला. आबा वळले आणि विनाकारण कढई पुसायला लागले.

ते दिवस घरात सणासारखे गेले. आबा गिऱ्हाइकांशी चेष्टामस्करी करायला लागले, उदयला हाक मारून कामं सांगायला लागले. समर रोज सकाळी आपण होऊन भट्टीत यायचा. घास अडकतो का, दुखतं का, जळजळतं का, असं मी रोज विचारायची आणि तो रोज "नाही" म्हणायचा. डॉक्टरीणबाईंना मी फोनवर कळवलं की सगळं ठीक आहे. मला तसं वाटतही होतं.

महिना उलटून गेला असेल. गुरुवार होता, बोळात पहाटेपासून गर्दी. मी भट्टीत पेढे मांडून ठेवत होते. आबांनी समरच्या तोंडात पेढा घातला. समर हसला, मान हलवली, आणि मग पाठ फिरवून पाण्याच्या पिंपाकडे गेला. त्याने पेला भरून घेतला. मान जरा वर केली, खांदे उचलले, पाणी प्याला, थांबला, पुन्हा प्याला. ती मान वर करण्याची तऱ्हा मी विसरले नव्हते. मी आबांकडे बघितलं, तर आबाही त्याच्याकडेच बघत होते.

"समर, हिकडं ये," आबा म्हणाले.

तो आला. डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होता.

"दुखतंय?"

"नाही."

"आडकलंय?"

"नाही, आज्जा. काही होत नाही मला."

आबा त्याच्यासमोर उकिडवे बसले. त्यांनी उजवा हात त्याच्या हनुवटीखाली धरला, ओंजळ करून. "थुंक."

समरने नकारार्थी मान हलवली. आबांच्या हातून कधी प्रसादाचा कण खाली सांडला, तर ते तो उचलून डोळ्यांना लावून तोंडात घालायचे, हे त्याने जन्मापासून बघितलेलं.

"थुंक म्हणतोय न्हवं. माझ्या हातावर थुंक."

समरच्या तोंडात अजून अर्धा पेढा तसाच होता. गालात धरून ठेवलेला, खाली उतरत नसलेला. तो त्याने आबांच्या ओंजळीत थुंकला, आणि मग त्याला हुंदका फुटला.

"कवापासनं हाय हे?"

"दुसऱ्या आठवड्यापासून."

"आन् आईला का न्हाई सांगितलंस?"

"मी खाल्लं की तुझं पाप फिटणार होतं," समर म्हणाला.

आबांनी ती ओंजळ मिटली. मिटलेली मूठ तशीच छातीशी धरून, दुसऱ्या हाताने त्यांनी पोराला जवळ ओढलं. दहा वर्षांचा घोडा, पण त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून लहानग्यासारखा रडत होता. "फिटलं बाळा," आबा म्हणत होते. "आत्ता थुकलास न्हवं, तवाच फिटलं. आता कदी माझ्यासाठी काय गिळू नगंस." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वैजू, पुण्याला फोन लाव. सांग, दूध न्हाई चालत म्हणून. आजपासनं बंद."

तपासणीत पुन्हा ते ठिपके निघाले. दूध बंद झालं ते कायमचंच, आणि दोन महिन्यांत समर परत नीट जेवायला लागला. आजाराच्या हिशोबाने पाहिलं तर एवढीच गोष्ट. पण त्या गुरुवारनंतर आबांनी स्वतः कधी पेढा तोंडात घातला नाही. दूध, दही, तूप, काही नाही. चहासुद्धा कोरा. "तुम्हांला काय झालंय?" असं लोकांनी विचारलं तर म्हणायचे, "आमच्या नातवाला चालत न्हाई." मालाची चव उदय बघायचा. आबा नुसत्या वासावर कढई उतरवायचे, आणि कधीतरी ती दोन मिनिटं पुढेमागे व्हायची. जुनी गिऱ्हाइकं चवीत फरक पडल्याचं बोलून दाखवायची. ते ऐकून घ्यायचे.

आबा गेले त्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट सांगते आणि थांबते. अर्धांगाचा झटका येऊन त्यांना महिना झाला होता. डावी बाजू गेलेली, बोलणं जड, आणि गिळताना ठसका. पातळ करून, चमच्याने, जपून भरवा असं डॉक्टरांनी सांगितलेलं. मी भरवायला गेले की ते ओठ मिटायचे, उदयने भरवलं की दोन चमचे कसेबसे. समर भरवायचा तेव्हाच काय ते पोटात जायचं. तो तोवर कॉलेजात जायला लागला होता. गिळणं म्हणजे काय असतं ते त्याच्याइतकं आमच्यात कुणाला कळत होतं? "घाई नको, आज्जा. मान जरा खाली. आता गीळ. परत एकदा रिकामंच गीळ." असं तो तासभर न कंटाळता चालवायचा.

त्या सकाळी पहिली कढई त्यानेच उतरवली होती. भट्टीत यायचा तो, चव न बघता नुसत्या रंगावर आणि वासावर खवा ओळखायचा, हुबेहूब आबांसारखा. वाटीत त्याने पहिल्या घाण्याचा पेढा पाण्यात कुस्करून आणला आणि चमचा आबांपुढे धरला.

आबांनी चमच्याकडे बघितलं. "तू... खाल्लास?"

"मला चालत नाही, आज्जा."

"मग मला बी... नगं."

"घरातल्या सगळ्यांत धाकट्याला द्यायचा असतो," समर म्हणाला. "आता या घरात भरवून घेणारा तूच एक आहेस."

आबांच्या चेहऱ्याची उजवी बाजू हसली. मी दारात उभी होते, आत जावं की नको ते मला कळेना. त्यांनी तोंड उघडलं. समरने चमच्याच्या टोकाने थोडंसं जिभेवर ठेवलं. आबांनी डोळे मिटले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग गळा हलला, थांबला, पुन्हा हलला. मानेच्या शिरा वर आल्या. खाटेची कड त्यांनी मुठीत घट्ट धरली होती आणि मिटल्या पापण्यांतून पाणी येत होतं.

"त्रास होतोय?" समरने विचारलं.

आबांनी मान हलवली. "काय होत न्हाई मला," ते म्हणाले.

समरने वाटी खाली ठेवली. हाताची ओंजळ केली आणि त्यांच्या हनुवटीखाली धरली.

"थुंक, आज्जा," तो म्हणाला. "माझ्या हातावर थुंक."

आबांनी डोळे उघडून त्याच्या ओंजळीकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं. ओठ घट्ट मिटून घेतले आणि गिळलं.